रंग कुणाच्या परवानगीने?

(महिला मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)

निळा रंग मन शांत करतो, लाल भडकवतो, पिवळा उत्साह देतो, असं आपण नेहमी वाचतो. १९७९ साली अमेरिकेत सिएटलच्या एका नौदल तुरुंगात कोठडी गुलाबी रंगवली आणि कैदी शांत झाले, असा मोठा गाजावाजा झाला. पुढच्या चाचण्यांत तो दावा टिकला नाही. मला त्याचं नवल वाटत नाही. बाईच्या आयुष्यात तरी रंग कुणीतरी दिलेला असतो, नाहीतर काढून घेतलेला असतो.

आपला लालच घ्या ना. कपाळावर कुंकू म्हणून लागला, की बाई सवाष्ण, ओटीची मानकरी. तोच लाल केशवपन केलेल्या विधवेच्या अंगावर आलवण म्हणून आला, की ती अपशकुनी! कामाला निघालेला माणूस तिला बघून मागे फिरायचा. मग मान आणि भीती रंगात होती म्हणायची, की बघणाऱ्याच्या डोळ्यांत? काळ्याचंही तेच. काळा अशुभ म्हणायचा, पण संक्रांतीला काळी चंद्रकला चालते आणि मंगळसूत्राचे मणी तर काळेच.

आलवण गेलं. ते मुख्यतः ब्राह्मण आणि काही उच्च जातींपुरतं होतं. पण कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं अनेक जातींत आजही चालू आहे. पंचविशीतली विधवा दिवसभर हिरव्या पिकात भांगलते आणि तिच्या मनगटावर मात्र हिरवी काकणं चालत नाहीत. घरात कुणी रागावत नाही, मारत नाही. नुसतं म्हणतात, "आता फिकंच घे गं." पाच-दहा वर्षांनी तीच दुकानात म्हणते, "मला भडक आवडतच नाही." आपण म्हणतो, बघा, तिची आवड! ही आवड कशी तयार झाली, हे कोण विचारतं? रंगांचा मनावरचा परिणाम शोधायचाच असेल, तर मी तो इथे शोधीन, भिंतींच्या रंगात नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. ठरावाने रूढी एका दिवसात जात नाही, हे खरं. पण हिरव्या बांगड्या भरायला बसलेल्या बाईला आता "गावाचा ठराव आहे" एवढं तरी म्हणता येतं.

कुणी म्हणेल, कुंकू हीच मुळात गुलामीची खूण, ती परत कशाला मिळवायची? वाद जुना आहे आणि मला त्यातलं बरंच पटतं. पण कुंकू न लावण्याचा निर्णय आणि पुसलं गेलेलं कुंकू, यांत फरक आहे. पहिला माझा, दुसरा दुसऱ्यांचा.

येत्या संक्रांतीचं हळदीकुंकू आपल्या वस्तीत सगळ्यांसाठी करायचं आहे. ज्यांना कधी बोलावणं गेलं नाही, त्यांच्या घरी आधी जायचं. कोण कुठल्या गल्लीत जाणार, तेवढं चहा घेताना ठरवू या.