जुनी डिस्क कुणाच्या हाती?

(जालना जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेली मांडणी)



ऑफिसातला लॅपटॉप मोडीत काढायचा, असं आपण म्हणतो आहोत. सुरू व्हायलाच दहा मिनिटं लागतात. समोर बाई सांगायला बसलेली, आणि आपण पडद्याकडे बघत. पण सगळं यंत्र म्हातारं झालेलं नाही. थकली आहे ती हार्ड डिस्क. तिच्यात तबकडी फिरते आणि बारीकसा हात तिच्यावरून सरकत मजकूर वाचतो. भोकरदन, घनसावंगी, मंठा, सगळीकडे आपण लॅपटॉप एस.टी.तून नेतो. चालू असताना धक्का बसला तर तबकडीला ओरखडा पडू शकतो. तिच्या जागी एसएसडी बसवता येते. तिच्यात फिरणारं काही नसतं, पेनड्राइव्हसारखा चिपांवर मजकूर राहतो. जुनी डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, साटा जोडणीची एसएसडी ५०० च्या आसपास.

काम अवघड नाही. आधी केबलने जोडून जुन्या डिस्कची पूर्ण नक्कल नवीवर उतरवायची. मग लॅपटॉप बंद करून बॅटरी सोडवायची, मागचे स्क्रू काढायचे, अडीच इंची डिस्क सरकवून काढायची आणि तिथेच नवी बसवायची. शिलाई मशीन खोलून साफ करणाऱ्या बायका आपण. हे पुरुषांचं काम, असं कुणी ठरवलं?

खरा प्रश्न पुढे आहे. काढलेल्या डिस्कचं काय करायचं? तिच्यावर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे अर्ज आहेत, दवाखान्याचे कागद आहेत, घर सोडून आलेल्या बाईचा आताचा पत्ता आहे. फाईल डिलीट केली म्हणजे मजकूर गेला, असं नाही. अनुक्रमणिका फाडली तरी पुस्तकाची पानं राहतातच. ती पानं वर काढणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. तो पत्ता नवऱ्याच्या हाती लागला तर?

भंगाराचं काय होतं, हे जालनेकरांना सांगायला नको. इथल्या भट्ट्यांत त्याची सळई होते. पण भट्टीपर्यंत पोचण्याआधी वस्तू किती हातांतून जाते, तेही आपण पाहतो.

म्हणून आज एवढं ठरवू या. दुकानात काम करून घेतलं तरी आपली एकजण समोर बसेल आणि जुनी डिस्क आपल्याच पिशवीत परत येईल. नव्या डिस्कवर सगळं नीट उघडतं आहे, हे तपासून झाल्यावरच जुनीवर पूर्ण नवा मजकूर फिरवून ती पुसायची, ड्रिलने तबकडीला भोकं पाडायची आणि मगच ई-कचऱ्यात द्यायची. नवी डिस्क पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट करायची, म्हणजे पासवर्डशिवाय कुणाला वाचता येणार नाही. एसएसडी कधी कधी काही चाहूल न देता बंद पडते. तेव्हा दुसरी प्रत, तीही पासवर्ड घालून, कुलपाच्या कपाटात हवीच.

बाई आपल्यापाशी बोलते ती कुणाला कळणार नाही या भरवशावर. तो भरवसा आपण भंगारात घालायचा नाही.