वऱ्हाडची भाकर

पोट भरण्याच्या विवंचनेला मराठींत आपण 'भाकरीचा प्रश्न' म्हणतों. 'पोळीचा प्रश्न' असें म्हणतांना कोणी ऐकिलें नसेल. अन्न या शब्दाच्या जागीं भाकर हा शब्द आपण इतक्या सहज वापरतों, याचें कारण आपल्या वाडवडिलांच्या ताटांत दोन्ही वेळां तीच असे. आज मात्र अमरावती व अकोला या शहरांतील पुष्कळ घरांत रोज पोळी होते, आणि भाकर ही कधींतरी हौसेनें करावयाची, किंवा गांवाबाहेरच्या एखाद्या ढाब्यावर चार पैसे जास्त देऊन खावयाची वस्तु झाली आहे. हें असें कां झालें, त्यांत आपलें काय गेलें, आणि जें गेलें त्यांतलें कितीसें परत आणतां येईल, या तीन गोष्टींचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम भाकरीच्या ताटाकडे पाहूं. वऱ्हाडांत भाकर म्हटली कीं ती ज्वारीची. हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाचें जें कालवण पुण्याकडे पिठलें म्हणून ओळखलें जातें, त्याला आमच्याकडे 'चून' किंवा नुसतें 'बेसन' म्हणतात. चून-भाकर, तिच्याबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा व बुक्कीनें फोडलेला कांदा. कधीं तुरीचें वरण, कधीं अंबाडीची आंबट भाजी, कधीं भाजलेल्या वांग्याचें भरीत, कधीं जवसाची चटणी व तिच्यावर कच्चें तेल. या जोड्या केवळ जिभेच्या लाडासाठीं जुळल्या असें नाहीं. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन नांवाचें आवश्यक द्रव्य थोडें असतें; तूर, हरभरा, उडीद यांत तें भरपूर असतें. उलट, डाळींत जें कमी पडतें तें धान्यांत मिळतें. एकाचें उणें दुसऱ्यानें भरून काढावें, अशी ही मांडणी आहे. रसायनशास्त्राचें नांवहि न ऐकलेल्या बायांनीं ती पिढ्यान्‌पिढ्या चालविली. चार भाग ज्वारी व सुमारें एक भाग उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकर हें याच शहाणपणाचें उदाहरण होय. वऱ्हाडांत व शेजारच्या खानदेशांत ती सारखीच आवडीची आहे.

आतां ही भाकर करण्याची रीत. पोळी लाटतां येते व भाकर थापावी लागते, यांतील भेद धान्याच्या स्वभावांत आहे. गव्हांत ग्लूटेन नांवाचें प्रथिन असतें. पाणी मिळतांच त्याचे चिवट धागे बनतात, म्हणून कणीक ताणली तरी तुटत नाहीं. ज्वारींत ग्लूटेन नाहीं. तिला बांधून ठेवतें तें पिष्ट, आणि पिष्ट चिकट होण्यास उष्णता लागते. म्हणून पाणी कढत घ्यावयाचें. एका भाकरीपुरतेंच पीठ परातींत घेऊन मध्यें आळें करावें, त्यांत बेतानें पाणी घालावें, आणि तळहाताच्या टांचेनें पीठ मऊ होईपर्यंत रगडावें. भाकर चिरते ती बहुतेक येथील आळसामुळें. मग खालीं कोरडें पीठ पसरून गोळा हलक्या हातानें थापीत फिरता ठेवावा. तापलेल्या तव्यावर टाकतांना पिठाची बाजू वर असावी, आणि तिच्यावरून लगेच ओला हात फिरवावा. तें पाणी सुकूं लागलें कीं भाकर उलटावी; दुसरी बाजू झाली कीं तवा उतरवून ती विस्तवावर धरावी. आंतील वाफेला वाट मिळत नाहीं, ती वरचा पापुद्रा उचलते, आणि भाकर टम्म फुगते. चुलीच्या आरावर हें काम उत्तम होतें; गॅसच्या मंद ज्योतीवर जाळी ठेवूनहि होतें.

परंतु सर्व कौशल्य असूनहि पीठ शिळें असेल तर हात हरतो. ज्वारीच्या दाण्याच्या अंकुरांत तेल असतें. दळल्यानंतर तें हवेनें खवट होऊं लागतें, आणि पिठाचा चिकटपणाहि कमी होतो. यालाच आपल्या बायका पिठाची विरी गेली असें म्हणतात. तेव्हां महिन्याचें पीठ दळून डबा भरून ठेवण्याची पोळीची संवय भाकरीला चालत नाहीं. आठ-दहा दिवसांपुरतेंच दळावें. दुकानांत पिशवींत भरून मिळणाऱ्या पिठावर दळल्याची तारीख पाहिल्यावांचून विश्वास टाकूं नये. शहरांतील कित्येक सुना 'आम्हांला भाकर जमत नाहीं' असें म्हणतात, त्यांतील निम्मा दोष पिठाचा असतो, हें मुद्दाम सांगावेसें वाटतें.

ज्वारीची दुसरीं रूपेंहि आहेत, आणि तीं करण्यास फारशी कसरत लागत नाहीं. दाणे भरडून शिजविलेल्या कण्या ताकाबरोबर खाव्या. उन्हाळ्यांत आजारी माणसालाहि त्या सोसतात. पीठ आंबवून, शिजवून, ताक घालून केलेली आंबील पातळ पिण्याजोगी होते. भाद्रपदांत महालक्ष्म्या जेवतात त्या दिवशीं वऱ्हाडांतील घरोघर पुरणपोळीच्या शेजारीं ही आंबील असतेच. रोजच्या ताटांतून गेलेली ज्वारी नैवेद्यांत राहिली आहे. ज्वारीचें किंवा गव्हाचें जाडसर पीठ फोडणींत कांद्यावर खमंग परतून, पाण्याचा किंवा ताकाचा हबका देऊन वाफविलें कीं उकडपेंडी तयार होते. शाळेंतून भुकेलें आलेलें मूल पंधरा मिनिटांत तृप्त करील असें दुसरें खाणें शोधूनहि सांपडणार नाहीं. आणि गव्हाचा अभिमान असणाऱ्यांनींहि निराश होऊं नये: गोवऱ्यांच्या आरांत भाजलेले रोडगे, वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी हा वऱ्हाडचा गव्हाचा थाट आहे. मात्र तो नवसाच्या पंगतीचा व शेतांतल्या गोतावळ्याचा थाट; रोजचा आधार ज्वारीचाच होता.

मग हा आधार सुटला कसा? गोष्ट कापसापासून सुरू होते. १८६१ ते १८६५ या अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या वर्षांत इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व भाव आला. त्याच दशकांत आगगाडी अकोल्यावरून, बडनेऱ्यावरून पुढें जाऊन १८६७ सालीं नागपुरास पोंचली. तथापि शेतकऱ्यानें ज्वारी टाकली नाहीं. कापूस पैशासाठीं, ज्वारी पोटासाठीं आणि कडबा बैलांसाठीं, असा हिशेब होता. मधूनमधून तुरीच्या ओळी असत. हातीं पैसा असला तरी पेवांत ज्वारी नसेल तर काय प्रसंग येतो, हें १८९९-१९०० च्या दुष्काळानें या प्रांताला कठोरपणें शिकविलें होतें.

स्वातंत्र्यानंतर धान्याचा तुटवडा पडला. १९५६ च्या करारानंतर अमेरिकेचा गहूं मोठ्या प्रमाणावर येऊं लागला, आणि रेशनच्या दुकानांतून गव्हाची पोळी गरिबाच्या घरींहि शिरली. १९७२ च्या दुष्काळांत मिलो नांवाची तांबडी परदेशी ज्वारी मिळे. तिची भाकर ज्यांनीं खाल्ली ते ती अद्याप विसरलेले नाहींत. इकडे १९६४ सालीं सीएसएच-१ ही ज्वारीची पहिली संकरित जात निघाली. तिनें उत्पन्न वाढविलें. परंतु ती लवकर पिकत असल्यामुळें परतीच्या पावसांत सांपडे, दाण्यावर बुरशी चढून तो काळा पडे, आणि बाजारांत त्याला कोणी विचारीना. ताट बुटकें, म्हणून कडबाहि कमी. पुढें १९८० नंतर सोयाबीन आलें: थोड्या महिन्यांत निघणारें, लगेच पैसा देणारें. एकेक शेतकरी ज्वारी सोडूं लागला, तसतसें उरलेल्यांचें कठीण झालें. शिवारांत सगळीकडे ज्वारी असली म्हणजे पांखरें वाटली जातात. एकट्याचेंच शेत असलें कीं सारीं त्याच्यावर तुटून पडतात. रानडुकरांचेंहि तसेंच. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडब्याबरोबर गोठ्यांतील गुरें कमी झालीं, आणि गुरांबरोबर घरचें ताक व शेणखत. एक पीक गेलें तर त्याच्यामागें किती गोष्टी निघून जातात पहा! आज वऱ्हाडच्या बाजारांत चांगली म्हणून मिळणारी ज्वारी पुष्कळदां सोलापूर-मराठवाड्याकडची, रब्बीची मालदांडी असते.

येथें कोणी म्हणेल, हा सारा दोष शेताचा व सरकारचा. गृहिणीनें काय करावें? आणि दुसरें कोणी लगेच उपदेश करील कीं, नव्या बायका आळशी झाल्या म्हणून भाकर गेली. हा दुसरा बोल मला अन्यायाचा वाटतो. भाकर एकेक थापावी लागते, जेवणारा पाटावर बसल्यावर तव्यावर टाकावी लागते, आणि ताटांत गरम पडली पाहिजे, नाहीं तर ती कडक होते. अर्थात् सर्वांचें जेवण होईपर्यंत करणारी चुलीपाशींच. पोळ्या सकाळीं करून ठेवतां येतात, डब्यांत नेतां येतात, म्हणून नोकरी करणाऱ्या स्त्रीनें पोळी पत्करली, यांत तिचा दोष कोणता? जातें गेलें आणि गिरणी आली तेव्हां कोणी शोक केला नाहीं. पहांटेचें दळण सुटलें हें बरेंच झालें. भाकर परत हवी असेल तर तिचा भार एकटीच्या हातावर ठेवून चालणार नाहीं.

याबाबतींत आपल्याच जिल्ह्यांतील एका महापुरुषाचें स्मरण उपयोगी पडेल. गाडगेबाबांचा जन्म १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं झाला, आणि १९५६ सालीं अमरावतीजवळ वलगांवपाशीं त्यांनीं देह ठेवला. हातांत मातीचें गाडगें, त्यांत मिळेल ती भाकर. पण त्याआधीं गांवाची झाडलोट. भाकर खाणाऱ्यानें अगोदर हात चालवावा, हा त्यांच्या वागण्यांतील धडा घरांतहि लागू करण्यासारखा आहे. १९९५ सालीं महाराष्ट्र सरकारनें एक रुपयांत झुणका-भाकर देण्याची योजना काढली होती. पुढें ती बंद पडली. सरकारची भाकर बंद पडते. घरची भाकर चालू ठेवणें आपल्या हातीं आहे.

तेव्हां माझी सूचना अगदीं साधी आहे. आठवड्यांतून दोन संध्याकाळी भाकरीच्या ठरवाव्या. त्या दिवशीं बेत लहान असावा: चून, ठेचा, एक पालेभाजी, ताक. पीठ दळून आणण्याचें काम घरांतील पुरुषांनीं करावें. मुलगा असो वा मुलगी, दहा-बारा वर्षांच्या मुलानें एकेक भाकर थापावी. पहिल्या चार फाटतील, त्या कुसकरून ताकांत घालाव्या. एकानें थापावी, दुसऱ्यानें भाजावी, म्हणजे कोणालाहि शेवटीं एकटें जेवावें लागणार नाहीं. ज्वारी घेतांना दुकानदाराला ती कोठची आहे हें विचारावें, आणि ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाची दोन पोतीं घेतां आलीं तर अवश्य घ्यावीं. दाणा थोडा काळसर आहे एवढ्यावरून नाक मुरडूं नये. मात्र बुरशीचा वास येत असेल तर तो कदापि घेऊं नये. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठांत ज्वारीवर संशोधन चालतें. परंतु चांगलें बीं निघूनहि गिऱ्हाईक नसेल तर शेतकरी तें कां पेरील?

एक इशाराहि दिला पाहिजे. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, तेव्हांपासून ज्वारी ही जणूं औषध आहे असा गवगवा होतो. ग्लूटेन ज्यांना सोसत नाहीं त्यांना ती खरोखर वरदान आहे. परंतु मधुमेही माणसानें कितीहि भाकरी खाव्या, असा याचा अर्थ नाहीं. तिच्यांतहि मुख्यतः पिष्टच असतें. भाकर औषध म्हणून आणाल तर चार दिवसांत कंटाळाल. जेवण म्हणून आणाल तर ती राहील.

श्रोतेहो, वऱ्हाडची काळी जमीन अजून तीच आहे, आणि ज्वारीचें पीक त्या जमिनीला परकें झालेलें नाहीं. शेतकऱ्यानें पुन्हा चार तास ज्वारीचीं पेरावीं असें वाटत असेल, तर तिची मागणी आपल्या स्वयंपाकघरांतून निघाली पाहिजे. तेव्हां ही सुरुवात येत्या आठवड्यांतच करावी, एवढीच विनंती.