बंधारा सरकारचा, पाणी आपले

नदीवरचा बंधारा कुणाचा, असे गावात विचारले तर उत्तर येते, ‘सरकारचा.’ खरे आहे. पण बंधारा गळाला तर ऊस कुणाचा वाळतो? आपला. म्हणून आज बंधाऱ्याच्या देखभालीविषयी चार गोष्टी सांगतो.

पंचगंगेवरचे राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ हे बंधारे तुम्हाला ठाऊक आहेत. भोगावती, कासारीवरही असेच आहेत. या पद्धतीला सगळीकडे ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणतात, हा आपल्या जिल्ह्याचा मान. दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत बरग्यांच्या दोन ओळी आणि मधे ठासलेली चिकण माती. पाऊस सरला की बरगे घालायचे, पावसाळ्याआधी काढायचे. पाणी नदीच्या पात्रातच साठते, कुणाची जमीन बुडत नाही.

पण बरगे वेळेवर घातले आणि वेळेवर काढले, तरच हे सगळे खरे. दिवाळीत चार बरगे कमी पडले, माती नीट ठासली नाही, तर फेब्रुवारी-मार्चलाच फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो आणि मोटर हवा ओढते. उलट बाजूने, जूनमध्ये बरगे तसेच राहिले तर बंधाऱ्याची भिंत होते. पुरात झाडे, पाचट, जलपर्णी येऊन अडकते. पाण्याला वाट मिळत नाही, मग ते बंधाऱ्याची बगल फोडते. बगलेची मळीची जमीन एकदा वाहून गेली की पुन्हा मिळत नाही. २०१९ आणि २०२१ साली राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. धोक्याची पातळी तिथे ४३ फूट आहे. एवढ्या पुरापुढे बरगे काढून माणूस पूर थांबवू शकत नाही. पण बंधारा आणि काठ वाचवायला जे हातात आहे, ते तरी करावे.

आता पैशाचे बघू. शंभर हेक्टरपर्यंतची लहान कामे जिल्हा परिषदेकडे असतात, मोठ्या नद्यांवरचे बंधारे जलसंपदा विभागाकडे. बांधकामाला एकदाच मोठी रक्कम मिळते. देखभालीला दरवर्षी थोडी लागते, आणि थोडी रक्कम मागे ढकलणे सोपे असते. हे दुखणे एकट्या आपले नाही. घाट उतरून रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात जा. बंदर बांधायला सरकारने पैसा घातला. पण तोंडाशी गाळ साचला की ओहोटीला नौका आत-बाहेर करणे अवघड होते. गाळ एकदा काढून भागत नाही, तो पुन्हा येतोच. मच्छीमाराचा गाळ आणि आपला बरगा, दोन्हींचा हिशोब एकच: दरवर्षी पैसा आणि दरवर्षी लक्ष.

देखभालीचा खर्च पाणीपट्टीतून निघावा, हे २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याचे धोरण आहे. त्याच साली शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांचाही कायदा झाला. म्हणजे आपण पट्टी थकवायची आणि दुरुस्ती मागायची, हे जमायचे नाही. पट्टी भरलेल्या गावाचा शब्द कचेरीत वजनदार ठरतो.

तर गावाने एवढे करावे.

१. बरगे काढताना मोजा. चांगले किती, कुजलेले किंवा वाकलेले किती, हे वहीत लिहा. बरगे उघड्यावर टाकू नका. लोखंडी बरग्यांची चोरी होते. कुलपात ठेवा.

२. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरले की खांब, खाचा आणि दोन्ही बगला पाहा. कुठे झिरपते, कुठे दगड सुटला, ते खुणेसह लिहा. फोटो काढून ठेवा.

३. ग्रामसभेचा ठराव करा. ठरावाची प्रत शाखा अभियंत्यांकडे द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेले फायलीत जात नाही.

४. अंदाजपत्रक मार्चमध्ये होते. मोठ्या दुरुस्तीचा अर्ज दिवाळीच्या सुमारास गेला पाहिजे. मे महिन्यात धावाधाव करून त्या वर्षीचे काम होत नाही.

५. रात्री बरगा उचलून खालच्या अंगाला पाणी सोडू नका. वरचा आणि खालचा, दोन्ही आपलीच गावे आहेत. पाण्याची पाळी बसून ठरवा.

६. दुरुस्तीचे काम चालू असताना गावची दोन जाणती माणसे तिथे हजर ठेवा. अंदाजपत्रकात काय धरले आहे ते विचारून घ्या. विचारणे म्हणजे भांडण नव्हे.

मंडळी, मोटर बिघडली तर आपण रात्रीत दुरुस्त करून आणतो. सगळ्या गावाच्या मोटरींना पाणी देणारा बंधारा मात्र कुणीतरी बघेल म्हणून सोडून देतो. या वर्षी बरगे घालण्याआधी एकदा बंधाऱ्यावर जाऊन या. शेजाऱ्यालाही संगे न्या.