महसीर माशाचे जेवण
(वार्षिक संमेलनातील भाषण)



ज्ञातीच्या या मेळाव्यात आम्ही एका माशाच्या जेवणाविषयी बोलणार, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु आपल्यापैकी पुष्कळांची मूळ गावे नदीकाठची आहेत. वैतरणेवरील तिळसेश्वरास किंवा महाडकडील वाळणकोंडीस जाऊन देवाच्या माशांना मुरमुरे घातलेली मंडळी या सभेत खचित असतील. तोच हा महसीर. आपल्या दख्खनच्या नद्यांतील महसिराचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली केले.

याच्या जबड्यात दात नसतात. ते असतात घशात, तीन ओळींनी. गोगलगाय असो वा खेकडा, त्याचे कवच या घशातल्या जात्यात भरडले जाते. खरे जठर त्यास नाही. अन्न सरळ लांब आतड्यात उतरते. तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात. त्यांनी तो तळचे दगडगोटे चाचपतो. लहानपणी पाण्यातील किडे व अळ्या हा त्याचा मुख्य आहार. मोठेपणी शेवाळ, शंखशिंपले, लहान मासे, आणि काठच्या झाडांवरून गळणारी फळे व बिया, यांतील त्यास काहीच वर्ज्य नाही.

या फळांविषयीच आम्हांस विशेष सांगावयाचे आहे. आमच्या गावच्या डोहावर एक जुना उंबर होता. बाळपणी आम्ही मूठभर मुरमुरे फेकीत असू आणि मासे गर्दी करीत. इतक्यात एखादे पिकले उंबर टपकन पाण्यात पडले की मुरमुरे तसेच टाकून सारी झुंड तिकडे धावे. पुढे घाट बांधण्यासाठी तो उंबर तोडावा असे ठरले. त्या ठरावावर आमचीही सही आहे. घाट उत्तम झाला. मासे मात्र वर्षागणिक विरळ होत गेले. दोष सर्वस्वी उंबर तोडण्याचा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु देवाच्या माशांचे पान आम्ही आपल्या हाताने उचलले, ही टोचणी आजही जात नाही.

मुरमुरे घालणे हा भक्तिभाव आहे. त्याची थट्टा आम्ही करीत नाही. तथापि उन्हाळ्यात प्रवाह थांबला म्हणजे उरलेले मुरमुरे डोहात कुजतात व पाण्यातील प्राणवायू खातात. महसीर तर वाहत्या, निर्मळ पाण्याचा जीव. लोणावळ्याजवळ वळवण येथे त्याची कृत्रिम पैदास झाली, पिले नद्यांत सोडली गेली. पण सोडलेल्या पिलांनी पुढे जेवावे कोठे?

म्हणून आमची विनंती एवढीच की, प्रत्येक कुटुंबाने आपल्या गावच्या नदीकाठी एक उंबर किंवा एक जांभूळ लावावे आणि ते जगवावे. पहिले रोप या पावसाळ्यात आम्ही त्याच घाटाशेजारी लावणार आहोत.