पंगतीतला पाट : बेने इस्रायलांच्या स्थलांतराचा धडा

(व्याख्यानाचा संक्षेप)

स्थलांतराची चर्चा निघाली की बहुधा दोनच प्रश्न विचारले जातात : माणसे का गेली आणि तेथे त्यांनी काय कमावले? तिसरा प्रश्न मागे पडतो. ज्या समाजाने त्यांना दार उघडले, त्याने पंगतीत पाट मांडला की उंबऱ्याशीच तिष्ठत ठेवले? कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल कुटुंबांचा अनुभव या प्रश्नाच्या मुळाशी नेणारा आहे.

अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले व त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया बचावल्या, अशी या समाजाची परंपरागत कथा. तेलाचा घाणा हा त्यांचा व्यवसाय. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून ते ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेले. पेणकर, दिवेकर, रोहेकर, नवगावकर ही आडनावे त्यांच्या गावांची आणि मराठी ही त्यांच्या घरची भाषा. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली उभे राहिले. ज्यूद्वेषाचा जाच त्यांना या भूमीत कधी सोसावा लागला नाही. म्हणून १९४८ साली इस्रायलची स्थापना झाल्यावर ते निघाले, त्यामागे छळाची भीती नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रार्थनेतील जेरुसलेमची ओढ, नव्या राष्ट्राचे आकर्षण आणि मुलाबाळांच्या भवितव्याची आशा यांनी त्यांना बोटीवर अथवा विमानात बसविले.

अशा एका कुटुंबाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. कर्ता पुरुष मुंबईत कारकुनी करणारा, इंग्रजी जाणणारा. घरात वृद्ध आई, पत्नी आणि शाळकरी मुले. १९४८ ते १९५१ या काळात इस्रायलमध्ये सुमारे सात लाख निर्वासित व स्थलांतरित येऊन पोहोचले आणि तेथील ज्यू लोकसंख्या दुप्पट झाली. घरे अपुरी, अन्न रेशनवर. कुटुंबाच्या वाट्याला पत्र्याची नाही तर कापडाची छावणी आली, तीही नेगेव वाळवंटाच्या तोंडाशी, बीरशेबासारख्या ठिकाणी. कारकुनाच्या हातात कुदळ आली, कारण हिब्रू लिहिता येत नव्हते. आजीला भात मिळेना आणि शेजारणीशी बोलायला शब्द मिळेनात. मुले मात्र शाळेतून नवी भाषा घेऊन आली व कचेरीत आईबापांची दुभाषी झाली. घरातील वडीलधारेपणाची उतरंड अशी एका वर्षात उलटी झाली.

हालअपेष्टा सर्वांच्याच वाट्याला आल्या. त्याबद्दल या लोकांची मुख्य तक्रार नव्हती. तक्रार होती ती वाटपातील भेदाची. युरोपातून आलेल्यांना पांढरा पाव आणि सावळ्या वर्णाच्या माणसांना काळा, चांगले काम एकाला आणि ओझी दुसऱ्याला, असे त्यांचे म्हणणे होते. अखेरीस बीरशेबातील काही कुटुंबांनी तेल अवीव येथे ज्यू एजन्सीच्या कचेरीपुढे ठिय्या दिला व मायदेशी परत पाठविण्याची मागणी केली. १९५२ साली त्यांतील कित्येकांना मुंबईस परत आणावे लागले. परतलेल्यांपैकी अनेकांनी पुढे पुन्हा इस्रायलचीच वाट धरली. त्यांना देश नको नव्हता. देशात मान हवा होता.

त्यांची खरी कसोटी दहा वर्षांनंतर लागली. १९६२ साली मुख्य धर्मपीठाने आदेश काढला की, बेने इस्रायल व्यक्तीचा विवाह अन्य ज्यूशी लावण्यापूर्वी तिच्या मातृकुळाची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. सैन्यात भरती होताना ज्यांचे ज्यूपण कोणी तपासले नाही, त्यांचे कूळ लग्नाच्या मांडवात तपासले जाऊ लागले. जातिव्यवस्थेच्या देशातून आलेल्या माणसांना हा प्रकार ओळखू आला नसेल तरच नवल! १९६४ च्या उन्हाळ्यात ही कुटुंबे जेरुसलेममध्ये मुलाबाळांसह धरणे धरून बसली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्रायलच्या संसदेने, बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, असा निर्वाळा दिला आणि धर्मपीठाला आदेशातून त्यांचे नाव काढावे लागले. ज्या देशातून ते आले होते, त्या देशाने स्वातंत्र्यलढ्यात पारखून घेतलेले हत्यारच येथे कामी आले.

समाजवाद्यांनी यातून आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. त्या काळी इस्रायलमध्ये सत्ता मजूर चळवळीच्या पक्षाची होती. भारतीय समाजवाद्यांना किबुत्झच्या सामुदायिक जीवनाचे मोठे कौतुक होते. जयप्रकाश नारायण १९५८ साली स्वतः तेथे जाऊन आले. किबुत्झचा प्रयोग खोटा नव्हता. परंतु पाहुण्याला दिसणारा समाजवाद आणि छावणीतील माणसाच्या ताटात पडणारा समाजवाद यांत अंतर असते. ते अंतर मोजावयाचे तर पंगतीच्या शेवटच्या पाटावरूनच मोजावे लागते.

आणि या पंगतीबाहेरही माणसे होती. बेने इस्रायलांची मोठी वस्ती ज्या लोद व रामले या गावांत झाली, तेथील बहुसंख्य अरब रहिवाशांना जुलै १९४८ मध्ये घराबाहेर हाकलण्यात आले होते. एका निराश्रिताला छप्पर देताना दुसऱ्याला निराश्रित करणे, हा न्याय होऊ शकत नाही. कोकणातून गेलेल्या कुटुंबाने तो अन्याय केला नव्हता. पण त्या अन्यायाच्या भूमीवरच त्याला आपली चूल मांडावी लागली. ही गोष्ट वगळून केलेले या स्थलांतराचे कथन अपुरे ठरेल.

तरीही माणसे रुजली. दिमोना, अश्दोद, लोद येथे त्यांची प्रार्थनामंदिरे उभी राहिली. पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा एलियाहू नबीच्या नावाने तेथेही होऊ लागला. एलियाहूच्या रथाची खूण म्हणून अलिबागेजवळच्या खंडाळा गावातील खडकाला नमस्कार करणारी माणसे नव्या देशात फिरू लागली, तेव्हा हैफा येथील कार्मेल डोंगरातील त्याच्या गुहेशी जाऊन पोहोचली. अनोळखी देश अशा एकेका ठिकाणी ओळखीचा झाला. ‘मायबोली’ या नावाचे मराठी नियतकालिकही तेथे निघाले.

मित्रहो, नागरिकत्वाचा कागद राज्य देते. बरोबरी मात्र शेजारी, मुकादम, शिक्षक आणि पुरोहित यांच्या वागणुकीतून मिळते, अथवा नाकारली जाते. महाराष्ट्राने एकेकाळी गलबत फुटून आलेल्यांना गावाचे नाव आडनाव म्हणून लावू दिले. त्याच महाराष्ट्रातून २०२० साली लक्षावधी परप्रांतीय मजूर उन्हातान्हात पायी निघून गेले, कारण ज्या शहरांच्या इमारती त्यांनी उभारल्या, तेथे त्यांना हक्काचा शिधादेखील नव्हता. त्यांच्यातील बरेचजण परत आले आहेत. त्यांच्यासाठी पाट मांडला आहे काय, याचे उत्तर समतेचे नाव घेणाऱ्या प्रत्येकाने द्यावयाचे आहे.