कोंबड्यांना दाणे कोण घालणार?

आमच्या शिरोड्यात मिठागराच्या वाटेवर एक आजी राहतात. आपण समोरून गेलात, तर त्या आपणांस आवाजावरून ओळखतील, चेहऱ्यावरून नव्हे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मोफत नेत्रशिबिराचा फलक गावात लागला, तेव्हा मी प्राध्यापकी आवेशात त्यांना समजावयास गेलो. त्यांनी सारे ऐकून घेतले व म्हणाल्या, "फुकट आसा ता खरा. पण माका थंय व्हरतलो कोण? आणि कोंबड्यांका दाणे कोण घालतलो?"

नेणारे माणूस नाही, घर राखणारे नाही. श्रोतेहो, मी गप्प बसलो.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले भिंग गढूळ होणे. औषधाच्या थेंबांनी ते निवळत नाही, काढावेच लागते. १९४९ साली लंडनला हॅरोल्ड रिडले यांनी त्या जागी प्रथम कृत्रिम भिंग बसविले. आज हे काम घटकाभरात होते. अंधत्व-नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रमही १९७६ पासून आहे. मग अडते कोठे? एस.टी.च्या तिकिटात, बुडालेल्या रोजात, सोबतीच्या माणसात. आणि जो देवळाच्या पडवीत किंवा स्टँडवर निजतो, त्याच्या डोळ्यांत पुढे काही आठवडे थेंब घालावयाचे कोणी? धूळपाण्यापासून तो डोळा जपणार कसा?

शिरोड्यात १९२० ते १९३८ शिक्षक असलेल्या वि. स. खांडेकरांची दृष्टी उतारवयात गेली. पण त्यांचे शब्द उतरून घेणारी माणसे होती. आमच्या आजींना कोण?

याचे एक उत्तर वरोऱ्याजवळच्या आनंदवनात मिळते. बाबा आमट्यांनी उभारलेल्या या वसाहतीत डॉ. तात्याराव लहाने व डॉ. रागिणी पारेख यांनी कुष्ठरुग्णांसाठी शिबिरे घेतली. कुष्ठरोगात कधी पापणी मिटत नाही, बुबुळाची संवेदना जाते. असा डोळा हाताळणे नाजूक काम. त्यातून या रुग्णांना शेजारी बसवून घेण्यासही लोक कचरत. तेथे रोगी डॉक्टरकडे गेला नाही, डॉक्टर रोग्याकडे आले. आणि शुश्रूषेची माणसे वसाहतीतलीच होती. मला तर यातला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. कुशल हात मुंबईहून येऊ शकतात, शेजार मागवता येत नाही.

आजींचे पुढे काय झाले, हे आपण विचारालच. आमच्या कॉलेजातला एक विद्यार्थी सोबत गेला, थेंबांचे काम माझ्या पत्नीने घेतले, कोंबड्या शेजारणीने. एक डोळा झाला. घरी परतताच आजींनी अंगणात उभ्या राहून कोंबड्या मोजल्या. एक कमी भरली!

आता दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळाली आहे. शेजारणीवर मात्र विश्वास उरलेला नाही. त्यामुळे या खेपेस कोंबड्या आमच्याकडे येणार आहेत.