वाचा आणि धीर

मराठी भाषेंत ‘वाचा बसणें’ असा एक वाक्प्रचार आहे. माणूस भयानें थिजला, दुःखानें खचला किंवा एखाद्या आघातानें दिङ्मूढ झाला म्हणजे त्याची वाचा बसली असें म्हणतात; आणि पुष्कळ दिवस दडपून ठेवलेलें गाऱ्हाणें कोणी बोलून दाखविलें म्हणजे त्याला वाचा फुटली असेंहि म्हणतात. वाणी आणि मन हीं एकाच घरांत नांदतात, ही गोष्ट सामान्य जनांच्या बोलीनें फार पूर्वींच ओळखली होती. परंतु ज्याचें बोलणें खरोखरीच अडतें त्याच्यावर उपचार करण्याची वेळ आली कीं हें शहाणपण कोठें लुप्त होतें कोण जाणें! जीभ जड झाली आहे, तिला व्यायाम द्या. शब्द विसरले आहेत, ते घोकून घ्या. बोलतांना अडतो, त्याला सावकाश बोलावयास सांगा, असा विचार घरोघर चालतो, आणि कित्येकदां तो उपचारगृहांतहि शिरतो. जिभेच्या मागें एक लाजलेलें, भ्यालेलें, कधीं कधीं पार हताश झालेलें मन बसलेलें असतें, याची दाद कोणी घेत नाहीं.

पुण्याच्या वायव्येस पिंपरी-चिंचवड आणि तेथून भोसरीवरून उत्तरेस चाकणपर्यंत जो कारखान्यांचा पट्टा पसरला आहे, तेथें हा प्रश्न विशेष तीव्रतेनें जाणवण्यासारखा आहे. १९५४ सालीं पिंपरीस प्रतिजैविक औषधांचा सरकारी कारखाना स्थापन झाला, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें, १९८२ सालीं महानगरपालिका झाली. आणि जें चाकण कांद्याच्या बाजारपेठेसाठीं व १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें पन्नासांहून अधिक दिवस झुंजविलेल्या भुईकोटासाठीं प्रसिद्ध, तेथें आज मोटारी तयार होतात. मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून, तसेंच बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा अशा दूरच्या प्रांतांतून माणसें येथें पोटासाठीं आलीं. त्यांतील कित्येकांपाशीं येथें वाडवडिलांचें घर नाहीं, जुना शेजार नाहीं. जी कांहीं पत आहे ती हातांची आणि जिभेची. यंत्रांच्या घरघराटांत ओरडून सांगतां आलें पाहिजे, पाळी बदलतांना पुढच्या माणसाला कामाचा हवाला देतां आला पाहिजे, सुपरवायझरच्या प्रश्नाला चटकन् उत्तर देतां आलें पाहिजे. तेथें बोलणें अडलें कीं संसाराचा गाडाच अडतो.

अशा एखाद्या कामगाराला पन्नाशीच्या सुमारास पक्षाघाताचा झटका येतो. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालयांत किंवा दुसऱ्या एखाद्या इस्पितळांत तो दाखल होतो, प्राण वाचतात, कांहीं आठवड्यांनीं लुळा पाय थोडा उचलूं लागतो. घरचीं माणसें देवाचे आभार मानतात. मग हळूहळू ध्यानांत येतें कीं मनुष्य परत आला, पण त्याची भाषा मागेंच राहिली. मेंदूच्या डाव्या अर्धांतील भाषेचीं केंद्रें दुखावल्यानें बहुधा होणाऱ्या या विकाराला वाचाघात म्हणतात. यांत बुद्धि गेलेली नसते. समोर बायको उभी आहे हें त्याला कळतें, तिचें नांवहि मनांत कोठें तरी असतें, पण तें जिभेपर्यंत पोंचत नाहीं. भलताच शब्द बाहेर पडतो, आणि तो भलता आहे हें पुष्कळदां त्यालाच प्रथम उमगतें. भोवतालचीं माणसें मात्र त्याच्याशीं उगीच मोठ्यानें बोलतात, लहान मुलाशीं बोलावें तसें बोलतात, आणि पाहुण्यांसमोर तो तेथें नसल्यासारखें त्याच्याविषयीं बोलतात.

१८६१ सालीं पॅरिस येथें पॉल ब्रोका या शस्त्रवैद्यानें ज्या रोग्यावरून या विकाराचें मर्म जगापुढें मांडलें, त्याला ‘तां’ या एका अक्षराखेरीज जवळजवळ कांहींच उच्चारतां येत नसे. मात्र तो संतापला कीं त्याच्या तोंडून एक सबंध शपथ स्पष्टपणें बाहेर पडे! पुढें इंग्लंडांतील मज्जावैद्य ह्यूलिंग्ज जॅक्सन यानें हा भेद नीट उलगडून दाखविला. विचारपूर्वक जुळविलेलें वाक्य वेगळें, आणि भावनेच्या किंवा सवयीच्या भरांत आपोआप उमटणारी वाणी वेगळी.

या भेदाचें अज्ञान घरांत किती अनर्थ करतें पाहा. देहू आणि आळंदी या पट्ट्याच्या अगदीं कुशीला आहेत. येथल्या कित्येक कुटुंबांत हरिपाठ रोज संध्याकाळीं होतो. पाणी हवें हें सांगतां न येणारा गृहस्थ टाळांचा आवाज ऐकतांच अभंगाचें सबंध चरण म्हणूं लागतो. पहिल्या दिवशीं घरांत आनंद होतो. चौथ्या दिवशीं कोणी तरी म्हणतें, “अभंग म्हणतां येतो, मग माझ्याशीं बोलतां कां येत नाहीं? मनांत नाहीं म्हणून!” ज्याच्यापाशीं उत्तर देण्यास शब्दच नाहींत त्याच्यावर सोंगाचा आरोप यावा, यापरता दुसरा अपमान कोणता? वाचोपचार करणाऱ्याचें पहिलें काम येथें आहे. गाणें आणि बोलणें यांच्या मेंदूंतील वाटा पूर्णपणें एक नाहींत, हें घरच्यांना रोग्याच्या देखत समजावून सांगणें, हाच एक उपचार होय. १९७३ सालीं बॉस्टन येथील संशोधकांनीं स्वरांच्या चढउतारावर लहान लहान वाक्यें बसवून शिकविण्याची पद्धति प्रसिद्ध केली. तिनें घोकलेलीं वाक्यें सुधारतात. रोजचें मोकळें संभाषण मात्र तेवढें सुधारतेंच असें नाहीं. हेंहि घरच्यांना आरंभींच सांगावें. खोटी आशा दाखवून मिळविलेला उत्साह महिन्याभरांत ओसरतो आणि मागें पूर्वीपेक्षां अधिक नैराश्य ठेवून जातो.

पक्षाघात झालेल्या तीन माणसांपैकीं सुमारें एकाला खिन्नतेचा विकार जडतो, आणि वाचा गेलेल्यांत हें प्रमाण अधिक असतें. त्यांत दैवाचा क्रूर विनोद असा कीं खिन्नता ओळखण्याचे नेहमींचे मार्ग सारे शब्दांचे आहेत. झोंप येते का, जगावेंसें वाटतें का, या प्रश्नांना तो काय उत्तर देणार? म्हणून जाणते उपचारक चेहऱ्यांचीं चित्रें पुढें ठेवतात व बोट ठेवावयास सांगतात, किंवा घरच्या माणसाला विचारतात: रात्रीं रडतो का, जेवणावरून उठतो का, पूर्वीं आवडणारी क्रिकेटची मॅच आतां पाहातो का? कुर्ट गोल्डस्टीन या जर्मन वैद्यानें पहिल्या महायुद्धांत मेंदूला जखमा झालेल्या सैनिकांत एक प्रकार पाहिला होता. एखादें क्षुल्लक काम जमलें नाहीं कीं तो धट्टाकट्टा सैनिक एकाएकीं थरथरे, रडे, अंगावर धांवून जाई. उपचाराच्या खोलींतहि असा प्रसंग येतो. चित्रांच्या चिठ्ठ्या फेंकल्या जातात. अननुभवी उपचारक त्याला हट्टी ठरवितो आणि आणखी दहा चिठ्ठ्या पुढें करतो. जाणता उपचारक चिठ्ठ्या बाजूला सारतो, “आज फार राग येतो आहे,” असें त्याच्या वतीनें म्हणतो, थोडा वेळ गप्प बसतो, आणि जें काम खात्रीनें जमेल तेथूनच पुन्हां आरंभ करतो. हा वेळ फुकट गेला असें ज्याला वाटतें त्यानें हा व्यवसाय पत्करूं नये.

कॅनडांतील टोरोंटो येथें ऑरा कॅगन या विदुषीनें विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत संभाषणाला आधार देण्याची जी रीति रूढ केली, तिचें मूळ सूत्र फार साधें आहे. रोग्याला मनांत सर्व कळतें हें आपल्याला कळतें, असें त्याला आधीं तोंडानें सांगावयाचें. मग कागद, चित्र, खूण, होय-नाहीं यांच्या साहाय्यानें बोलणें पुढें न्यावयाचें. यास यंत्र नको, पैसा नको. एक पाटी आणि पेन्सिल पुरे.

उपचार कोणत्या भाषेंत करावयाचा, हाहि येथें मनाचाच प्रश्न होऊन बसतो. फ्रान्समधील रिबो म्हणे, पहिल्यानें शिकलेली भाषा शेवटपर्यंत टिकते. पित्र यानें १८९५ सालीं सांगितलें, जी अधिक वापरांत असेल ती आधीं परत येते. दोघांचींहि मतें सर्वत्र लागू पडत नाहींत. चाकणच्या शेडमध्यें वीस वर्षें हिंदी बोललेला, घरीं भोजपुरी बोलणारा आणि बाजारांत मराठी बोलणारा मनुष्य कोणत्या शब्दानें जागा होईल हें आधीं कोणी सांगूं नये. मुलांना कोणत्या भाषेंत हांक मारीत होता, कोणत्या भाषेंत भांडत होता, हें विचारून पाहावें. खानदेशांतून आलेला गृहस्थ मोठ्या कष्टानें अहिराणींतला शब्द उच्चारतो आणि तो पुस्तकी मराठींत नाहीं म्हणून चुकीचा ठरतो! तो शब्द आला हाच विजय होता.

वाचाघात बहुधा उतरत्या वयांत येतो. तोतरेपणा उमलत्या वयांत. शंभरांपैकीं सुमारें पांच मुलांत तो केव्हां तरी दिसतो, बहुतेकांचा आपोआप जातो, आणि मोठेपणीं शंभरीं एखाद्याचा टिकतो. त्याचें मूळ मेंदूच्या घडणींत व आनुवंशिकतेंत आहे, भित्रेपणांत नाहीं. पण एकदां तो टिकला कीं भीति त्याच्याभोंवतीं वेलीसारखी चढत जाते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतून उत्तम गुण मिळवून बाहेर पडलेला मुलगा मुलाखतीस जातो आणि पहिल्याच प्रश्नाला अडतो, कारण प्रश्न असतो नांव काय. इतर शब्द टाळून दुसरे योजतां येतात. स्वतःच्या नांवाला पर्याय कोठून आणावयाचा?

१९३९ या एकाच सालांतील दोन घटना येथें शेजारी शेजारी ठेवण्यासारख्या आहेत. अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत एका अनाथाश्रमांतील २२ मुलांवर एक प्रयोग झाला. त्यांतील नीट बोलणाऱ्या सहा मुलांना, तुम्ही अडखळतां, सांभाळून बोला, असें पुन्हां पुन्हां सांगण्यांत आलें. तीं मुलें तोतरीं झालीं असें सिद्ध झालें नाहीं, पण तीं बोलण्यास कचरूं लागलीं, अबोल झालीं. ही हकीकत २००१ सालीं वृत्तपत्रांतून सर्वत्र झाली, तेव्हां त्या विद्यापीठानें क्षमा मागितली. आणि त्याच १९३९ सालच्या ३ सप्टेंबर रोजीं इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांनीं युद्धारंभाचें भाषण नभोवाणीवरून केलें. लायोनेल लोग हा त्यांचा वाचाशिक्षक त्या वेळीं खोलींत त्यांच्याजवळ उभा होता. भाषणांत विराम होतेच. अडखळणें समूळ गेलें नव्हतें. तें जवळ बसवून घेऊन बोलण्याचें धैर्य आलें होतें. आपल्याकडे वेखंड उगाळून चाटविणारी आजी प्रेमानेंच तें करते, यांत शंका नाहीं. परंतु मुलाला त्यांतून एवढेंच कळतें कीं आपल्यांत कांहीं तरी दुरुस्त करण्यासारखें आहे. त्याचें वाक्य त्याला पुरें करूं द्यावें, त्याच्या तोंडचा शब्द काढून घेऊं नये, आणि तो काय म्हणाला याला उत्तर द्यावें. कसा म्हणाला याला देऊं नये.

मनाची ही भीति सर्वस्वीं काल्पनिक असते असें मात्र कोणी समजूं नये. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क कायद्यानें वाचा व भाषा यांच्या दिव्यांगत्वाला २१ प्रकारांत स्थान दिलें. नोकरींत असतांना दिव्यांगत्व आलेल्या माणसास कामावरून काढूं नये, असेंहि त्यांत आहे. परंतु तें कलम सरकारी आस्थापनांना लागू आहे. खासगी कारखान्यांतील कंत्राटी कामगाराला त्याचा आधार नाहीं. तेव्हां तो रात्रीं जागा राहातो तो शब्दांसाठीं नव्हे, पगारासाठीं. उपचारकानें त्याला फळांचीं नांवें शिकवीत बसण्यापूर्वीं, कामावर परत जाण्यासाठीं कोणतीं दहा वाक्यें लागतील हें त्याच्याबरोबर बसून ठरवावें. ‘मशीन बंद करा’ हें वाक्य त्याला ‘केळें’ या शब्दापेक्षां लवकर येण्याचा संभव आहे. न आलें तरी तें मिळविण्यासाठीं तो झटेल.

उपचारकाच्या आवांक्याची सीमा असते. जगणें नको झालें आहे असें रोग्यानें हातवाऱ्यानें जरी सुचविलें, तरी तेथें मानसोपचारतज्ज्ञाला बोलावण्यांत क्षणाचा विलंब नको. २०२२ सालापासून केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनीसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. पण दूरध्वनीवर बोलावें लागतें! ज्याची वाचा गेली त्याच्यासाठीं तो क्रमांक दुसऱ्या कोणी तरी फिरवावा लागतो, आणि तें दुसरें कोणी बहुधा त्याची बायको असते. तिची स्वतःची स्थिति कोण विचारतो? ती सकाळीं डबे करून, दुपारीं कामाला जाऊन, सुट्टी मागून त्याला घेऊन येते आणि बाहेरच्या बाकावर बसून राहाते. पाऊण तासाच्या उपचारांतील दहा मिनिटें तिच्यासाठीं राखून ठेवणारे उपचारक आहेत. ते तिला प्रथम रडूं देतात. मग तो काय सांगतो आहे हें ओळखण्याच्या दोन-तीन खुणा तिला दाखवितात. आणि पुढच्या खेपेस ती बाकावर न थांबतां आंत येऊन बसते, व चित्रांच्या चिठ्ठ्या तिच्याच हातीं दिल्या जातात.